टेकचा डबा, गेटचा डबा

आमच्या घरात धड इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि तरी रोज संध्याकाळी इंग्रजीवरूनच भांडण व्हायचं. घर म्हणजे घाटकोपरला डोंगरउतारावरच्या चाळीतली एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पाण्याचं पिंप आणि तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याच्या एका लहानशा कारखान्यात लागले. घरी यायचे तेव्हा अंगाला ऑइलचा वास असायचा, आणि हातपाय साबणाने धुतल्याशिवाय आई त्यांच्या हातात चहाचा कप द्यायची नाही. आई मालवणकडची. मुंबईत येऊन केस पिकायला लागले तरी तिने आपली बोली सोडली नव्हती. शाळा तिने लांबूनच पाहिलेली. माझी थोरली बहीण सुलभा, मी तिला ताई म्हणायचे आणि आई सुली म्हणायची, ती बी.ए.ला होती. मी नववीत. आणि आम्हा दोघी बहिणींच्या इंग्रजीच्या भांडणात निवाडा करायला बसायची ती आई, जिला ए आणि बी मधला फरक सांगता आला नसता.

हे सुरू झालं ताईच्या कॉलेजमुळे. इंग्रजी हाच विषय घेऊन पुढे मास्तरीण व्हायचं असं तिने ठरवून टाकलं होतं. एके दिवशी वर्गात तिने काहीतरी वाक्य बोलून दाखवलं आणि इंग्रजी शाळांतून आलेल्या मुली हसल्या. ती घरी आली, चप्पल भिरकावली आणि मला म्हणाली, "नंदे, मोठे मोठे शब्द मला सगळे येतात गं. वाट लागते ती छोट्यांत. टेक आणि गेट. या दोघांनी छळलंय मला." कॉलेजच्या लायब्ररीतला जाडा शब्दकोश तिने उघडून पाहिला होता. त्यात म्हणे भल्याभल्या शब्दांना दोन ओळी, आणि या एवढ्याशा टेकला न् गेटला पानंच्या पानं. तिने तिथल्या तिथे वाटणी केली. टेक तिचा, गेट माझा. जिला जो नवा अर्थ सापडेल तो तिने संध्याकाळी घरी आणायचा.

आई त्या वेळी तांदूळ निवडत बसलेली असायची. आमचं ऐकून ऐकून एकदा म्हणाली, "नुसती बडबड काय करतंस? मोजूक काय तरी होया मा." उठली, गावाहून आलेल्या चिंचेचे चिंचोके तिने एका वाटीत काढले आणि दोन रिकामे डबे पुढे ठेवले. एक बिस्किटांचा, तो ताईचा टेकचा डबा. दुसरा दुधाच्या पावडरीचा, तो माझा गेटचा. नवा अर्थ आणला की एक चिंचोका. पण तो नवा आहे की नाही हे ठरवायचं आईने, आणि तिचा कायदा सरळ होता. आपल्या बोलीत त्याला वेगळा शब्द लागत असेल तर वेगळा अर्थ. एकाच शब्दात भागत असेल तर चिंचोका नाही.

ताईचं पहिलंच भांडण या कायद्यावरून झालं. टेक अ फोटो म्हणजे फोटो काढणं, याला चिंचोका मिळाला. दुसऱ्या दिवशी तिने टेक ऑफ युअर शूज आणलं. आईने विचारलं, "आपल्यात काय म्हणतत?" ताई म्हणाली, चपला काढणं. आई म्हणाली, "फोटोय काढतत, चपलाय काढतत. दोनय काढूचाच मा? एक चिंचोको दिलंय, तो पुरे." ताई चिडली. "अगं आई, फोटो काढणं आणि चपला काढणं एकच आहे का?" आईने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, "माका एकच दिसता." मी बाजूला बसून माझा डबा वाजवत होते. माझ्याकडे गेट अप होतं, गेट डाउन होतं, गेट वेट होतं. उठणं, उतरणं, भिजणं, तिन्हीला तीन वेगळे शब्द. गेटच्या बाबतीत आपली बोली फार उदार निघाली.

पण ताईनेही असे काही अर्थ आणले की आई निवडायची थांबायची. टेक टाइम म्हणजे वेळ लागणं. टेक अ सीट म्हणजे बसणं. टेक अ‍ॅन एक्झाम म्हणजे परीक्षा देणं, हे ऐकून तर ती सूप खाली ठेवून बघतच राहिली. "परीक्षा आम्ही देतंव आणि ते घेतत? देवचा तो घेवचा?" तिला त्या लोकांची दया आली असावी. त्या दिवशी तिने ताईला दोन चिंचोके दिले आणि मी आरडाओरडा केला तरी परत घेतले नाहीत. आणखी एकदा ताई म्हणाली, "आई, शी टेक्स आफ्टर हर मदर. म्हणजे पोरगी आईवर गेलीय." आईने नुसता चिंचोका उचलून स्वतःच्या हाताने टेकच्या डब्यात टाकला, आणि त्या रात्री कुळथाच्या पिठीत नेहमीपेक्षा जास्त लसूण पडला.

बाबांनाही या खेळात यायचं होतं. त्यांनी एकदा मोठ्या ऐटीत कारखान्यातला गेट पास आणला. ताई हसून हसून लोळली, म्हणाली, बाबा, तो दरवाजाचा गेट, हा नाही. बाबा ओशाळले. पण आईने तोवर माझ्या डब्यात चिंचोका टाकला होता आणि तो काढू देईना. "बापाशीन हाडल्यान हा. परत घेवचो नाय," बापाने आणलाय, एवढाच तिचा निकाल. मी पुढे बत्तीस-तेहतीस वर्षं कांदिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मोबाइलवर बोट ठेवलं की या शब्दांचे सगळे अर्थ एका यादीत खाली खाली जात राहतात, पोरं बघतात आणि विसरतात. आमच्या आईसारखी परीक्षक मिळाली असती तर एकही विसरली नसती.

त्या दोन शब्दांबद्दल ताईचं स्वतःचं एक मत होतं आणि ते तिने एका संध्याकाळी मांडलं. स्टोव्हचा आवाज चालू होता, खालच्या आळीत कुणाकडे तरी सत्यनारायणाची आरती लागली होती. ती म्हणाली, नीट बघा, गेटचे अर्थ बहुतेक सगळे अंगावर येणारे आहेत. राग येणं, भिजणं, म्हातारं होणं, हरवणं. आपण नुसतं असायचं, ते होतं. टेकमध्ये हात पुढे करावा लागतो. मग तिने आमच्या ओळखीच्या सगळ्यांची वाटणी केली. शेजारच्या शकूमावशी टेक. खालचा वाणी टेक. बाबा अर्धे अर्धे. आई म्हणाली, "मगे मी गेटच. लगीन झाला, मुंबयक इलंय, तुम्ही दोघी झालात. माझ्या हातान मी काय घेतलंय?" ती हसत म्हणाली, पण ताई हसली नाही. "मी टेक आहे," ती म्हणाली. "मी नोकरी घेणार, नळवाली खोली घेणार, आणि तुला तिथे घेऊन जाणार. तू नको म्हणालीस तरी." आईने विचारलं, "ह्येका चिंचोको होयो की काय तुका?" आम्ही सगळे हसलो. मला ती संध्याकाळ इतकी लख्ख आठवते की कधीकधी वाटतं, तिथेच थांबावं आणि पुढचं लिहूच नये.

पुढचं असं की ताईची परीक्षा जवळ आली आणि तिचं जेवण तुटलं. सुकटीचा वासही नको म्हणायची. मग एका सकाळी पडवीत तोंड धुताना शकूमावशीने तिच्याकडे बघितलं आणि आईला हाक मारली. ताईचे डोळे पिवळे झाले होते. शकूमावशी साताऱ्याकडच्या, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या, आमच्याकडच्या प्रत्येक आजारात पहिल्या धावायच्या. गल्लीतल्या डॉक्टरने कावीळ सांगितली, गोळ्या दिल्या, आणि उलट्या थांबल्या नाहीत तर मोठ्या हॉस्पिटलात दाखल करा असं बजावलं. ताई खोलीच्या कोपऱ्यात गोधडीवर पडून होती. मी तिला गोळी आणि पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "टेक मेडिसिन, गेट वेल. एकाच ओळीत दोघींचं काम झालं. आई, दोन्ही डब्यांत एकेक टाक." औषध घेणं आधी येऊन गेलं असावं, पण आईने कायदा काढला नाही. दोन्ही डब्यांत टक् टक् आवाज झाला.

उलट्या थांबल्या नाहीत. मग बाबांनी ठरवलं की तिला गावी न्यायचं. हे आजच्या कुणाला समजावणं अवघड आहे, पण आमच्याकडे कावीळ हा डॉक्टरचा आजार नव्हताच. गावात एक घर होतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या काविळीची मुळी देत. उगवतीकडे तोंड करून, उपाशीपोटी ती घ्यायची. देणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याचे आभारही मानायचे नाहीत, वळून न बघता निघून यायचं. बिनमिठाची पेज खायची. आणि त्यावर दुसरं कुठलंही औषध चालत नाही, ते घेतलं तर मुळीचा गुण जातो. आमच्या वाडीतली अर्धी माणसं ती मुळी घेऊन बरी झालेली. बाबाही त्यांतलेच. "माका न्हानपणी झाली होती. उठान बसाची ताकद नाय होती. मुळी घेतलंय आणि बरो झालंय," ते म्हणाले. हे खोटं नव्हतं, आणि तेच तर वाईट आहे. शकूमावशी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, ऐका माझं. माझ्या पोराला सलाईन लावली तवा उठला तो. आधी दवाखान्यात दाखवा, मंग न्या गावाला." बाबा म्हणाले, "बघतो वहिनी." बघतो म्हणजे नाही, हे आम्हाला माहीत होतं.

ताईला जायचं नव्हतं. "परीक्षा आहे बाबा माझी," एवढंच ती दोनदा म्हणाली. पण मुळीवर तिचाही विश्वास होता. आमच्यातलंच मूल ती. बी.ए.ला गेलं म्हणून तो जात नाही. माझी वार्षिक परीक्षा चालू होती म्हणून आई माझ्याजवळ राहायची आणि बाबांनी ताईला न्यायचं, गावी काकी आहेच, असं ठरलं. आईने तिच्या पिशवीत दोन साड्या, टॉवेल आणि डॉक्टरच्या गोळ्यांची पट्टी घातली. बाबांनी पट्टी काढून फळीवर ठेवली. एसटी निघताना ताई खिडकीशी बसली होती, अंगावर आईची शाल. मला म्हणाली, "माझ्या डब्याला हात लावू नकोस. वाटेत पाट्या वाचत जाते, दोनतीन तरी आणीन." तिचा चेहरा पिवळा होता आणि ती हसत होती. मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. आईनेही.

गावाहून वाण्याच्या दुकानात फोन यायचा. त्याचा पोऱ्या वर हाक द्यायला यायचा आणि आई पदर खोचून उतार धावत उतरायची. फोनला ती घाबरायची, रिसीव्हर कानापासून लांब धरायची, त्यामुळे मलाही बाबांचा आवाज ऐकू यायचा. ती एकच विचारायची, "औषध घेतल्यान?" तिकडून बाबा म्हणायचे, "घेतल्यान." मग आई म्हणायची, "मगे बरी होतली," आणि फोन माझ्या हातात द्यायची, कारण ठेवायचा कसा हे तिला ठाऊक नव्हतं. घरी मी दोन नवे गेट आणून ठेवले होते. गेट होम, म्हणजे घरी पोचणं. दुसरा आता आठवत नाही. आई चिंचोका देईना. म्हणाली, "ती येवंदे. दोघी असल्याबिगर डाव कसलो?"

मग फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई पुन्हा पुन्हा पडवीत जाऊन खाली वाण्याच्या दुकानाकडे बघून यायची. नंतरच्या एका सकाळी, मी शाळेला निघत असताना, बाबा एकटेच चढ चढून वर आले. त्यांच्या हातात ताईची पिशवी होती आणि पिशवीला गावच्या तांबड्या मातीचा डाग होता. आई त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागच्या वाटेकडे बघत होती. बाबा पडवीत येऊन उभे राहिले. ही गोष्ट वाण्याच्या फोनवरून सांगणं त्यांना जमलं नव्हतं. सगळं उरकून, ती सांगायला ते रात्रभर एसटीत बसून आले होते.

आईने विचारलं, "औषध घेतल्यान होता मा तिना?"

"घेतल्यान," बाबा म्हणाले. "सगळा घेतल्यान गो. एक दिस चुकूक नाय." आणि ते पिंपाला धरून खाली बसले.

त्यानंतर घर माणसांनी भरलं. गावाकडचे, चाळीतले, सगळे एकच म्हणत होते, वेळ आली होती तिची. मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी एका मामाला तोंडावर म्हणाले, वेळ नव्हती आली, तिला नेली. शकूमावशीने मला ओढून त्यांच्या घरात नेलं आणि मांडीवर डोकं घेऊन बसल्या. त्या आधीच सांगून चुकल्या होत्या, पण नंतर त्यांनी ते कधी, एकदाही, काढलं नाही. बाबांवरचा माझा राग वर्षानुवर्षं राहिला. त्यांचं प्रेम किती होतं हे कळतं, त्यांनी कसं ठरवलं हेही कळतं, आणि तरी तो राग पूर्ण गेलेला नाही. दोन्ही एकत्र राहतात. माझी ताई गेली, आणि तिला तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाने हाताला धरून नेलं होतं. मी याचं काय करू, हे मला या वयातही कळलेलं नाही.

सुतक फिटल्यानंतरच्या एका संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "नंदे, तिना एक शब्द दिल्यान होतो." आईचा हात सुपात थांबला. एसटीत, पहाटे, ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. कुठल्याशा पाटीवर तिला एक टेक दिसला. तो तिने बाबांना म्हणून दाखवला, अर्थ सांगितला, आणि म्हणाली, मी झोपेन, विसरेन, तुम्ही लक्षात ठेवा, आईला सांगायचाय. बाबा म्हणाले, "माका नाय आठवणा गो. टेक होतो. फुडे काय तरी होता. काय असात गो?" मी म्हटलं, टेक केअर? नाही. टेक रेस्ट? नाही. टेक पार्ट, टेक बॅक, टेक टर्न? प्रत्येकाला ते मान हलवत राहिले. शेवटी मी रडायला लागले आणि त्यांनी विचारायचं थांबवलं, त्या दिवसापुरतं.

कारण ते विचारतच राहिले. कारखान्यातून येताना कुणाला तरी विचारून एखादा टेक घेऊन यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "ह्यो असात काय?" मी म्हणायचे, "ते तुम्हालाच माहीत बाबा." मग विचार करून तेच म्हणायचे, "ह्यो नाय." मी कॉलेजात इंग्रजी घेतलं, शिक्षिका झाले, आणि लोकांना वाटलं मी बहिणीचं स्वप्न पुरं केलं. तसं काही नाही. मला तो एक शब्द शोधून बाबांना द्यायचा होता, म्हणजे त्यांचं विचारणं थांबेल. शब्दकोशातले सगळे टेक मी त्यांना वाचून दाखवले, एक सुट्टी त्यातच गेली. एकदोन ठिकाणी त्यांचे डोळे चमकले, पण मग त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, बाबा, यांतलाच कुठलातरी असणार, धरून चाला. ते म्हणाले, "तसा कसा धरू? तिचो होतो तो." ते जाईपर्यंत तो शब्द आला नाही.

आता मी आणि आई मुलुंडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन नळांच्या घरात. आई नव्वदीला टेकली. तिचं पुढचं सगळं पुसलं गेलं आहे, बाबा गेलेले आठवत नाहीत, मी निवृत्त झालेली आठवत नाही. संध्याकाळ झाली की तिचे हात अस्वस्थ होतात. हल्लीच्या पिशवीतल्या तांदळात निवडायला काही नसतं, म्हणून मी त्यात मूठभर तूरडाळ मिसळून सूप पुढ्यात देते आणि ती डाळ वेगळी करत बसते. मग विचारते, "सुली येवक नाय अजून?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तिने ते तेव्हाच ऐकल्यासारखं ऐकलं, पडवी शोधत उठली, आणि त्या सकाळी रडली नव्हती इतकी रडली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा विचारलं. तेव्हापासून मी खरं सांगत नाही.

"गावाक गेली आसा," मी म्हणते.

"औषध घेतल्यान?"

"घेतल्यान, आई."

"मगे बरी होतली." तिची बोटं चालू राहतात. थोड्या वेळाने म्हणते, "शब्द काय हाडल्यान नाय?"

मी ताईच्या नावावर एक टेक सांगते. रोज कुठलातरी सांगते, बाबांना वाचून दाखवलेल्यांतलाच. आई अजूनही विचारते, आपल्यात काय म्हणतत, आणि मी सांगते, आणि ती नीट ऐकून घेते. परवा मी टेक आफ्टर सांगितलं. आईवर गेली. तिने डाळीचा एक दाणा बोटांनी उचलला, उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्या तळव्यावर ठेवला.

"तिच्या डब्यात घाल. तुझ्या नको घालू."

डबे चाळ सोडताना कुठे गेले मला माहीत नाही. मी उठते, स्वयंपाकघरात जाते, दिवा लावते, फळीवरचा एक स्टीलचा डबा उघडून झाकण वाजवते, तिला ऐकू जाईल इतकं. दाणा माझ्या मुठीतच असतो. बाहेरून ती विचारते, "घातलंस?"

"घातलंय," मी म्हणते, आणि हात पुसल्यासारखं करून परत येऊन तिच्या शेजारी बसते.